एका चपलेचा पाहुणचार

आमच्या सोपानतात्यांकडे चहाला जायचं तर मुक्कामाच्या तयारीनंच जावं. चहा संपेपर्यंत तुमची एक चप्पल गायब झालेली असते. एकच. दोन्ही लपवल्या तर माणूस अनवाणीच सुटतो, असा त्यांचा अनुभव.

"आसंल हितंच कुठं. कुत्र्यानं नेली आसंल. बसा की, घाई काय हाय?"

तात्यांकडे कुत्रं नाही. काकू गेल्यापासून आणि मुलगा पुण्यात राहिल्यापासून घरात कुणीच नाही. मी शेजारचा मास्तर, म्हणून सरळ धान्याच्या कणगीमागे हात घालतो.

मध्यंतरी भाटघरच्या आमच्या वस्तीत एका विनोदी सिनेमाचं शूटिंग झालं. त्यातले एक नामवंत, वयस्कर नट ऊन लागलं म्हणून तात्यांच्या ओट्यावर टेकले, चहा प्यायले आणि अडकले. बाहेर सगळं शूटिंग खोळंबलं आणि आत तात्या त्यांना शेंगा सोलून देत होते.

सिनेमा लागला तेव्हा तात्यांसकट सगळी वस्ती टेम्पो करून भोरला गेली, दुपारच्या खेळाला. स्पष्टच सांगतो, सिनेमा टुकार होता. जो तो दुसऱ्याच्या अंगावर पडत होता. पोरंसुद्धा जांभया द्यायला लागली. मग ते नट पडद्यावर आले. त्यांनी पाहुण्याची एक चप्पल कणगीमागे सरकवली आणि साळसूद चेहऱ्यानं सुपारी कातरत बसले. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. "आरं, हे तर आपलं तात्या!" म्हणून शिट्ट्या सुरू झाल्या. मी मात्र शेजारी बसलेल्या तात्यांकडे बघितलं. आता गाव या माणसाला सुखानं जगू देणार नाही, असं वाटलं.

पुढे पाहुण्याला चप्पल सापडते आणि तो जातो. नट दारात उभे राहून रस्त्याकडे बघत राहतात. मग आत येऊन पाहुण्याचा उष्टा कप उचलतात आणि न धुता तसाच जवळ घेऊन बसतात. संवाद नाही, काही नाही. शिट्ट्या मारणारी पोरं खुर्चीत पुढं सरकून बघायला लागली. तेवढ्यानं त्या भिकार सिनेमाचं सोनं झालं.

टेम्पोतून उतरून आम्ही तात्यांच्या ओट्यापाशी आलो. मी विचारलं, "तात्या, राग आला का?"

"राग कशाचा, मास्तर? पर पाहुना गेल्यावर म्या काय करतो, ते कुनालाच ठावं न्हाई. त्याला कसं कळलं?" मग ते म्हणाले, "त्याच्याबी घरी कोन नसंल का वो?"

मी दोन्ही चपला काढून ओट्याशी ठेवल्या. म्हटलं, "तात्या, आज मी तुमच्याकडंच जेवतो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग आत गेले आणि परातीत दोघांपुरतं पीठ काढलं.