तीनशे तासांची वायर

"तीनशे तास मुरू दे ताई, मग बघ. ती समोर बसून गातेय असं वाटेल," धाकट्या भावाने छातीठोकपणे सांगितलं आणि मनगटाएवढी जाड वायर टेबलावर ठेवली.

बायको गेल्यापासून तो रोज संध्याकाळी तिच्या गाण्याची एकच कॅसेट लावी. पहिल्या शब्दाआधी ती छोटासा श्वास घेत असे. भांडणाआधीही घेई; चाळीस वर्षांपूर्वी तो ऐकला की ताई आधी खिडक्या लावून घ्यायची. हल्ली कॅसेटमधला तो श्वास धाकट्याला ऐकू येईनासा झाला होता. कानाच्या डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. वायरीच्या दुकानदाराने मात्र दोष दिला भिंतीपासून प्लेअरपर्यंतच्या वायरीला. धाकट्याला कुठलं निदान पटलं, ते सांगायला नको.

नव्या वायरीतून आधी वीज वाहून वाहून ती मुरावी लागते म्हणे. घरात अखंड चालणारा एक फ्रिजच, म्हणून वायर लागली फ्रिजला. तिचा प्लग स्वतःच्या भाराने दोनदा निसटला. दूध नासलं, लोणी वाहिलं, आणि धाकट्याने तास पुन्हा पहिल्यापासून धरले.

बायकोचा भाऊ, म्हणजे त्याचा मेव्हणा, वीजघरातून निवृत्त झालेला. तो आला आणि भडकलाच. वीज डोंगर ओलांडून साध्या तारांतून येते, मग शेवटच्या दोन हात वायरीत तिला कसला कंठ फुटणार, असं त्याचं म्हणणं. दोघांची चांगलीच जुंपली. धाकट्याची बायको गेली त्या दिवशी दोघेही खांबासारखे कोरडे उभे होते. ज्यांना रडता येत नाही, ती माणसं वायरीवरून भांडतात.

शेवटी तीनशे तास भरले आणि परीक्षा ठरली. ताईने कपाटामागे प्लेअरजवळ बसून निघेल त्या चिठ्ठीप्रमाणे जुनी किंवा नवी वायर जोडायची, दोघांनी डोळे मिटून ऐकायचं.

दोनदा गाणं लागलं. धाकट्याने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. त्याचा चेहरा असा उतरला, की दोष कानांचाच आहे हे आता हा स्वतःहून ओळखणार, अशी भीती ताईला वाटली.

तिसऱ्यांदा चिठ्ठी नव्या वायरीची निघाली. ताई वाकली आणि गुडघ्याने दगा दिला. उठताही येईना, बसताही येईना. जुनीच राहू दे, म्हणून तिने कसंबसं बटण दाबलं आणि पाय सरळ करताना तिच्या तोंडून एक श्वास सुटला. गाणं सुरू झालं.

"आला," धाकटा म्हणाला. "श्वास घेतला तिने."

त्या ताठ मेव्हण्याने रुमालात तोंड लपवलं. "ऐकला भाऊजी. अगदी तस्साच."

"कुठली होती, ताई?" धाकट्याने विचारलं.

ताईने मांडीवरच्या नव्या वायरीकडे पाहिलं. "नवी," ती म्हणाली.

आता मेव्हणा दर आठवड्याला येतो. दोघे शेजारी बसून ऐकतात, भांडत नाहीत. प्लग निसटू नये म्हणून कुणीतरी कपाटामागे हवंच, असं ताईने सांगून ठेवलंय. गुडघे कुरकुरतात, पण ती वेळेवर जाऊन बसते.

गेल्या खेपेला तिला सर्दी झाली होती. श्वास जरा घरघरला.

गाणं संपल्यावर मेव्हणा काळजीने पुढे वाकला. "भाऊजी, वायर बदलायला आली वाटतं. याहून जाड मिळते."