लेकीच्या डिग्रीची तीन कोटेशनं

बावीस वर्षं मी खरेदी विभागात आहे आणि या बावीस वर्षांत तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी टाचणीसुद्धा विकत घेतलेली नाही. घरीही माझा हाच शिरस्ता. पडदे, फ्रिज, सासूबाईंची कवळी, सगळं तीन ठिकाणी विचारून. कवळी जरा सैल बसते, पण दर ऐकाल तर थक्क व्हाल!

त्यामुळे लेकीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जागा मिळाली, तेव्हा घरात सगळे नाचत होते आणि मी रकाने आखत होतो. चार वर्षांची फी म्हणजे आमच्या बचतीचा चांगलाच लचका. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पहिल्या वर्षाचे पैसे भरले नाहीत, तर जागा दुसऱ्याला. मी जाहीर केलं, की आधी तुलनात्मक तक्ता, मग निर्णय. नववीपासून पोरीने हा एकच ध्यास घेतलेला. घरचा प्रिंटर माझ्यावर रुसला की तिच्याच हाताने हलायचा. ती नुसती आईकडे बघत राहिली.

"लग्नाच्या वेळी मीच तीन कोटेशनं मागवायला हवी होती," बायको म्हणाली. मी ते मनावर घेतलं नाही.

तक्ता फर्मास जमला. पहिली ओळ कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, दुसरी विज्ञानाची साधी पदवी, तिसरी प्रयोगशाळेच्या कामाचा दोन वर्षांचा कोर्स. रकाने खर्च, मुदत, परतावा आणि वॉरंटी यांचे. परताव्याचा आकडा हवा म्हणून वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर इंजिनिअरला गाठलं. त्याने पगार सांगितला तेव्हा मला जिन्याचा कठडा धरावा लागला. पण मग तो म्हणाला, की शिकलेलं दोन-तीन वर्षांत जुनं होतं आणि पुन्हा पाटी कोरी करून बसावं लागतं. मी वॉरंटीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. त्याचं टक्कल पाहून 'झीज' असा आणखी एक रकाना वाढवला.

शुक्रवारी सकाळी तो तक्ता ऑफिसात छापला. लेकीचा अर्ज क्रमांक, तिन्ही संस्थांचे ईमेल पत्ते, सगळं त्यात होतं. पद्धत म्हणजे पद्धत! तेवढ्यात फोन आला, कागद प्रिंटरवरच राहिला, आणि इतर तक्त्यांबरोबर कुणीतरी तोही उचलून साहेबांच्या सह्यांच्या फाइलीत घातला.

आमचे साहेब फाइलीतलं अक्षरही वाचत नाहीत. प्रत्येक तक्त्याखाली त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, 'सर्वांत कमी दर मंजूर, बाकीच्यांना नकार कळवा.' खाली सही. आणि बाहेर जाणारी पत्रं बघणाऱ्या आमच्या जावकबाई इतक्या तत्पर, की सहीची शाई वाळायच्या आत पत्र रवाना!

तीन वाजता त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"नकारपत्रं ईमेलने गेली बरं का. त्या इंजिनिअरिंग कॉलेजलाही कळवलं, की तुमचा दर आम्हाला परवडत नाही. साहेबांच्या सहीनिशी."

मी फोनवर झडप घातली. कॉलेजचा फोन लागेना. मी स्कूटर काढली. वाटेत खर्च आठवला नाही, परतावाही नाही. डोळ्यांसमोर फक्त प्रिंटरपुढे मांडी घालून बसलेली, नाकाला शाई लागलेली माझी लेक येत होती. तिची जागा माझ्या हाताने गेली, तर मी तिला तोंड कसं दाखवणार होतो?

कॉलेजात पोहोचायला सव्वाचार झाले. खिडकीवरच्या माणसाने मला हिशेबनिसांकडे पाठवलं. कंपनीचं नाव ऐकताच ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"इतका रोखठोक नकार आम्हाला आजवर कुणी दिला नव्हता," ते म्हणाले. "फी कंपनी भरणार होती हे आधी कळतं, तर सुरुवातीलाच कमी केली असती. प्राचार्यांनी पंधरा टक्के सवलत मंजूर केली आहे."

मी खरं ते सांगून टाकलं, की कंपनीचा काही संबंध नाही, मी मुलीचा बाप आहे आणि तक्ता माझाच. ते पोट धरून हसले. म्हणाले, मंजुरी अर्ज क्रमांकावर झाली आहे, आज पाचच्या आत फी भरा, सवलत तुमची! माझी छाती अशी फुगली, की शर्टाची बटणं ताणली. मग त्यांनी अर्ज क्रमांक कॉम्प्युटरवर टाकला आणि त्यांचा चेहरा पडला.

"अहो, हिची फी सकाळी साडेदहालाच आली आहे. आईच्या खात्यातून, पूर्ण. एकदा पूर्ण भरली, की सवलत नाही. आणि जागाही पक्की, ती आता फक्त मुलगीच सोडू शकते."

घरी दार लेकीनेच उघडलं. आईने स्वतःची मुदतठेव मोडल्याचं तिनेच भीत भीत सांगितलं.

"तुमचा तक्ता पाचपर्यंत होईल याची खात्री नव्हती, बाबा. रागावलात?"

मी तिला जवळ घेतलं. राग कसला, मला रडूच येत होतं. तक्त्याचं पुढे काय झालं, असं सासूबाईंनी विचारलं. मी रद्द केला म्हणताच त्या इतक्या हसल्या, की कवळी हातात आली.

बावीस वर्षांत माझ्या पद्धतीने घराचा खराखुरा फायदा पहिल्यांदाच होत होता, आणि तो सांगायची सोय नाही. पंधरा टक्क्यांचं सांगायचं, तर नकारपत्राचंही सांगावं लागेल. तेव्हा आपल्यातच राहू द्या. आमच्या घरी आलात, तर विषय काढू नका.