नेमाजीने जाळं आवरलं

एका जंगलात एक जाळं होतं. घाबरू नका मुलांनो, शिकाऱ्याचं नव्हे. दोन वडांच्या मध्ये एका कोळ्याने ते विणलं होतं आणि माश्या मिळेनात म्हणून जनावरांना वापरायला दिलं होतं.

जनावरं मनात येईल ते पानावर लिहायची आणि जाळ्याला चिकटवायची. एकाने पान लावलं की त्याखाली दुसरा लावायचा, मग तिसरा. त्याला धागा म्हणत. तुमचे आईबाबा जेवताना मांडीवर धरून जे बघत असतात ना, साधारण तसंच. फक्त हे जाळं पाऊस आला की बंद पडायचं आणि जंगलाला जरा झोप मिळायची.

हे जाळं बिळं खणायचा छंद असणाऱ्यांचं होतं. गरजेपुरतं बीळ कुणीही खणतं. ही मंडळी हौसेने खणायची. राहायला एक, पाहुण्यांना एक आणि एक उगाचच.

जाळ्यावर गर्दी फार. कुणी विचारी, 'मुरमात नखं तुटतात, काय करू?' त्याखाली सशीणबाईंच्या बाळंतपणाची बातमी. त्याखाली 'बिळाचं तोंड कुठल्या दिशेला असावं?' आणि त्यावर पन्नास उत्तरं, त्यातली चाळीस भांडणं. मध्येच भागीरथी घुशीची कंद भाजायची कृती. भागीरथी सगळ्यांत जुनी सभासद. बिळातलं तिला सगळं कळे. पण बोलायला लागली की मूळ विषय कुठे राहिला ते तिचं तिलाही सांगता येत नसे.

आणखी एक सभासद होता. बिबट्या. तो वाचनमात्र होता, म्हणजे नुसता वाचायचा, लिहायचा नाही. त्याला बिळं खणायची हौस नव्हती. बिळातून बाहेर येणाऱ्यांबद्दल मात्र फार आस्था होती. रोज संध्याकाळी तो यायचा, कोण कुठे राहतं याचा काही सुगावा लागतो का ते बघायचा आणि मुरूम, बाळंतपण, कंद वाचून वाचून डोकं धरून उपाशी परत जायचा.

हे एकाला बघवत नसे. बिबट्याचं उपाशी राहणं नव्हे, पसारा. त्याचं नाव नेमाजी साळिंदर.

नेमाजी भारी काटेकोर. साळिंदरच तो. रोज सकाळी आपले काटे लांबीप्रमाणे लावून घ्यायचा, मगच तोंड धुवायचा.

एक दिवस त्याने सभा बोलावली. "मंडळी, हा छंद आहे की बाजार?"

"बाजारच आहे," भागीरथी म्हणाली. "म्हणून तर सगळं मिळतं बाबा."

पण नेमाजीने कंबर कसली. सात दिवस खपून त्याने सगळी पानं उतरवली आणि विभाग पाडले. 'बिळाच्या आत'. 'बिळाच्या बाहेर'. 'माती'. 'माती (ओली)'. 'नखं : पुढची'. 'नखं : मागची'. आणि कशातच न बसणाऱ्या गोष्टींसाठी अगदी खाली, कोपऱ्यात, जिथे वारा लागतो तिथे, 'अवांतर'.

चार दिवसांत सगळं जंगल अवांतरात जमलं. वरचे विभाग इतके मोकळे राहिले की त्यांत माश्या अडकू लागल्या. कोळी पहिल्यांदाच पोटभर जेवला.

नेमाजीला वाईट वाटलं. जीव ओतून केलेल्या कामाकडे कुणी ढुंकून पाहिना म्हटल्यावर वाटणारच. मन रमवायला तो खणायला निघाला. वारुळामागे एक जुनं, सोडलेलं बीळ होतं. बघू किती खोल आहे, म्हणून त्याने आत डोकं घातलं आणि तो अडकला.

साळिंदराचे काटे मागे वळलेले असतात मुलांनो. पुढे जाताना ते अंगाशी मिटतात आणि मागे येताना उभे राहतात. नेमाजीच्या पुढे खडक होता आणि मागे त्याचेच काटे.

वरून खार चालली होती. ती थांबली. "नेमाजीकाका, तुमचं बूड दिसतंय."

"ते मला ठाऊक आहे," आतून आवाज आला. "पान घे. लिही. 'मी अडकलो आहे. जिवाशी खेळ आहे. वारुळामागच्या जुन्या बिळापाशी या. बाजूने माती काढा.' लिहिलंस?"

"लिहिलं. कुठे लावू?"

आतून नुसती पुटपुट ऐकू आली.

"काका, ऐकताय ना?"

"विचार करतोय. मी बिळाच्या आत आहे. पण निम्मा बाहेरही आहे."

"अवांतरात लावते ना! सगळे तिथेच बसलेत."

"खबरदार! मी बिळात अडकलोय. याहून बिळाचा विषय दुसरा कुठला असणार? पान फाड. वरचा अर्धा 'आत'मध्ये लाव, खालचा 'बाहेर'मध्ये."

खारीने पान फाडलं. मोठ्यांचं ऐकावं असं तिलाही शिकवलं होतं.

'बाहेर' विभागात एकटं कासव डोकावलं. 'वारुळामागच्या जुन्या बिळापाशी या. बाजूने माती काढा.' त्याला वाटलं, शिबिर आहे. ते लगेच निघालं. ते अजून वाटेत आहे.

'आत' विभाग वाचायला एकच जण आला, बिबट्या. 'मी अडकलो आहे.' त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पान उलटंपालटं करून पाहिलं, पण पत्ता नाही. तीन दिवस तो जंगलभर प्रत्येक बूड हुंगत फिरला. तिसऱ्या संध्याकाळी तो वारुळाच्या अलीकडून गेला. नेमाजीला वास आला. त्याने श्वास रोखून धरला, पण मागचे काटे खुळखुळायला लागले. त्याला मरायचं नव्हतं. त्याला भाजलेल्या कंदाची आठवण आली आणि आत, अंधारात, तो रडला.

बिबट्या निघून गेला. त्याला तो आवाज खुळखुळ्याचा वाटला, आणि खुळखुळ्याचा त्याला राग होता.

चौथ्या दिवशी खारीला राहवेना. तिने गुपचूप अवांतरात पान लावलं. 'वारुळामागे नेमाजीकाकांचं बूड चार दिवस उन्हात वाळतंय. बघायला कोण कोण येतंय?'

सगळं जंगल आलं. भागीरथी कंद घेऊन आली. "अगंबाई, हे मागून ओढून नाही यायचं," ती म्हणाली आणि बाजूने खणायला बसली. खणता खणता आपल्या नणंदेची गोष्ट सांगू लागली. गोष्ट नणंदेच्या धाकट्या दिरापर्यंत पोचली तेव्हा नेमाजी मोकळा झाला होता.

नेमाजीने सगळ्यांना नमस्कार केला. कंद तोंडात घातला. मग विचारलं, "पण तुम्हाला कळलं कुठे?"

"अवांतरात."

नेमाजीचा घास तोंडातच राहिला. "जिवाचा प्रश्न, आणि अवांतरात?"

दुसऱ्या दिवशी त्याने अवांतर बंद केलं.

त्याच संध्याकाळी जाळ्यावर बिबट्याचं पहिलं पान लागलं. 'नेमाजीसाहेब, आपले विभाग मी रोज वाचतो. इतकं सुंदर काम जन्मात पाहिलं नाही. एकच उणीव वाटते. कुणी अडकलं तर पत्ता सापडत नाही. 'कोणाचं बीळ कुठे' असा विभाग काढावा. नावं अकारविल्हे लावावीत.'

नेमाजीचे डोळे भरून आले. कुणीतरी वाचत होतं!

त्याने रात्रीचा दिवस करून विभाग काढला. प्रत्येकाचं नाव, बिळाची खूण, घरात माणसं किती, बाहेर पडायची वेळ. सगळ्यांनी पत्ते दिले. भागीरथीने दिला नाही.

"मावशी, तुमचं बीळ कुठे लिहू?"

"माझं बीळ अवांतर आहे बाबा," ती म्हणाली, कंदाचं गाठोडं उचललं आणि नदीपलीकडे निघून गेली. खारही तिच्या मागोमाग गेली.

बिबट्याही काटेकोर निघाला. त्याने 'अ'पासून सुरुवात केली.

'अंबू ससा हल्ली दिसत नाही,' असं पान घेऊन दोघंतिघं आले होते. पण न दिसणाऱ्यांसाठी विभाग नव्हता आणि अवांतर बंद होतं. ते पान तसंच घेऊन घरी गेले. पुढे यादीत त्यांचीही अक्षरं आली.

आता जाळ्यावर गोंधळ म्हणून नाही. भांडणं नाहीत, बाळंतपणं नाहीत. यादी रोज थोडी सुटसुटीत होते. कोळ्याला तर माश्या खाऊन खाऊन हलता येत नाही.

परवा बिबट्याने 'ध' संपवला. नेमाजी सकाळपासून काटे लांबीप्रमाणे लावतोय. पुढची, 'न'ची पाटी जरा तिरकी झाली होती, तीही त्याने सरळ केली.

तात्पर्य : मुलांनो, प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवावी. म्हणजे ज्याला हवी असेल, त्याला ती चटकन सापडते.