चिमणीच्या गाठी

चॉकलेट घरी ठेवलं तर नवरा खातो आणि नवऱ्याच्या तावडीतून सुटलं तर मुलगा खातो, हे बाईंना अनुभवाने पक्कं ठाऊक होतं. म्हणून चॉकलेटचं पार्सल हाती पडलं तशा त्या ते पर्समध्ये घालून थेट रुग्णालयात घेऊन आल्या. बाई तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. ऑपरेशनात काढलेली गाठ त्यांच्याकडे यायची, तिचा पातळ काप त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या आणि गाठ साधी की वाईट ते सांगायच्या. त्यांनी एकदा सांगितलं की सर्जनसुद्धा तोंड उघडत नसे. पण हा दरारा फक्त गाठींपुरता होता. खाण्याच्या बाबतीत प्रयोगशाळेत कोणी कोणाला भीक घालत नव्हतं. मागच्या खेपेला बाईंनी टेबलाच्या खणात ठेवलेल्या चॉकलेटमधला चांदीचा कागद तेवढा त्यांच्या वाट्याला आला होता, तोही चाटून स्वच्छ केलेला.

या वेळी तसं होऊन चालणार नव्हतं. त्या इमारतीत कोणीही गंमत म्हणून उघडत नाही अशी वस्तू एकच, ती म्हणजे नमुन्याची बरणी. बाईंनी एक कोरी बरणी घेतली, आवळ्याएवढी ती काळी, गोल चॉकलेटं तिच्यात ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'चिमणी. हात लावू नये.' मग बरणी नमुन्यांच्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला सारली. या फ्रीजमध्ये खाद्यपदार्थ ठेवू नयेत, अशी लाल अक्षरांतली पाटी त्याच्या दारावर होती. ती बाईंनी स्वतः लावली होती. दार लावताना त्यांनी पाटीकडे बघायचं टाळलं.

चिमणी म्हणजे बाईंची हॉस्टेलची मैत्रीण. दुसरीचं नाव ताडमाड, दोन्ही नावं उंचीवरून पडलेली. तिघी तीन देशांत पांगल्या, एकीची पहाट म्हणजे दुसरीची रात्र, पण खाण्याने त्यांना बांधून ठेवलं होतं. कोणीही काही नवं चॉकलेट शोधून काढलं की बाकी दोघींना धाडायचं आणि ठरलेल्या वेळी तिघींनी फोनवर एकमेकींची तोंडं बघत एकदमच खायचं. आधी कोणी जिभेला लावायचं नाही. आणि चवीबद्दल खोटं बोलायचं नाही. ही दुसरी अट हॉस्टेलच्या मेसमधली होती. रेक्टरबाईंसमोर सगळ्या मुली पाणचट आमटीला छान छान म्हणायच्या आणि खोलीवर येऊन उपाशी रडायच्या, ते बघून तिघींनी शपथ घेतली होती. ती बाईंनी इतकी पाळली, की ताडमाडच्या लग्नात व्याह्यांच्या पंगतीत खीर खाली लागलीय असं त्यांनी स्वच्छ आवाजात सांगितलं होतं. ताडमाडची सासू अजूनही बाईंचं नाव काढलं की पाणी मागते.

आजचं चॉकलेट विकतचं नव्हतं. चिमणीने ते स्वतः केलं होतं. आयुष्यभर बँकेत मान मोडून काम केल्यावर साठीला आलेल्या चिमणीने कोको भाजायला शिकून घेतलं होतं आणि आता तिला दुकान टाकायचं होतं. घरचे हसत होते. जागेच्या करारावर आज सही करायची होती, आणि ती करायची की नाही हे दुपारी चार वाजता दोन मैत्रिणींच्या जिभा ठरवणार होत्या. तुम्ही सांगाल ते शेवटचं, असं चिमणीने कळवलं होतं. तेव्हा बाईंना ते चॉकलेट चाखणं भाग होतं. न चाखता छान म्हणायची सोय नव्हती.

सगळं सुरळीत झालं असतं, पण त्याच दुपारी परीक्षक आले. प्रयोगशाळांना प्रमाणपत्र देणारे हे गृहस्थ न कळवता येण्याबद्दल प्रसिद्ध होते. प्रमाणपत्र गेलं तर बाहेरचे नमुने बंद आणि बाईंची खुर्चीही डळमळीत, हे सर्वांना माहीत होतं. परीक्षकांनी तराजू तपासले, सुऱ्या तपासल्या, चष्मा कपाळावर चढवून नोंदी वाचल्या. बाई त्यांच्या मागे मागे हिंडत होत्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

इकडे त्यांच्या तंत्रज्ञाच्या अंगात कर्तव्य संचारलं. हा माणूस एरवी मन लावून काम करायचाच. परीक्षक इमारतीत असताना तर एकही नमुना तुंबलेला दिसता कामा नये असं त्याने मनाशी ठरवलं. फ्रीजच्या मागच्या बाजूला त्याला चिमणीची बरणी सापडली. हात लावू नये, हे वाचून तो चुकचुकला. सांसर्गिक दिसतंय, असं म्हणून त्याने हातमोजे चढवले, नाकावर पट्टी बांधली, एक गाठ उचलली आणि कामाला लागला. वास कसा आला नाही, असं कोणी विचारील. ज्या खोलीत नमुने टिकवायचं उग्र फॉर्मॅलिन वर्षानुवर्षं उघडं असतं, तिथल्या माणसांची नाकं शोभेपुरती उरलेली असतात.

थोड्याच वेळात तो एका हातात बरणी आणि दुसऱ्या हातात काच घेऊन बाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत परीक्षक खुर्चीत बसून नोंदी चाळत होते. चेहरा पडलेला होता.

"बाई, ही चिमणी कोण?"

बाईंची नजर बरणीवर गेली. "का?"

"तिची गाठ विरघळली," तंत्रज्ञ म्हणाला. "कापताना लोण्यासारखी कापली गेली, आणि नेहमीसारखी गरम मेणात टाकली तर गायबच झाली. थोडी काचेवर घेऊन बघितली. पेशी एक नाही. नुसती चरबी आणि चौकोनी खडे."

बाई काही बोलायच्या आत परीक्षक खुर्चीतून उठले होते. दुपारभर सुऱ्यांच्या धारा बघून ते कंटाळले होते आणि आता कुठे काही मनासारखं कानावर पडलं होतं. त्यांनी ती काच बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की असं आपण एकदाच पाहिलं आहे, तेही पुस्तकात. शरीरातले क्षार चरबीत साठून अशा गाठी बनतात, त्या हाताच्या उबेनेही मऊ पडतात, आणि रोगी फार दिवस काढत नाही. तंत्रज्ञाने मान खाली घातली.

तेवढ्यात कोणीतरी सर्जनला बोलावलं. सर्जनने बरणी उजेडात धरून गाठी न्याहाळल्या. एवढ्या काळ्या गाठी एका शरीरात, आणि नाव चिमणी, म्हणजे लहान मुलगीच असणार, या कल्पनेने त्याचा कंठ दाटून आला. पण कंठ दाटला तरी हात शिवशिवत होते. आजच पोट उघडू या, असं तो म्हणाला. त्याने मुलीचं वय विचारलं.

"साठ," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

सर्जनचा कंठ मोकळा झाला, पण पोट उघडायचा बेत कायम राहिला.

खरं सांगून टाकावं असं बाईंच्या मनात दोनदा आलं. पण खरं म्हणजे काय, तर नमुन्यांच्या फ्रीजमध्ये प्रमुखांनी खाऊ ठेवला, आणि समोर परीक्षक. त्या गप्प बसल्या आणि तिथेच चुकलं, कारण गप्प बसलेल्या माणसाच्या वतीने बाकीचे ठरवायला लागतात. परीक्षकांनी ठरवलं, की उरलेल्या गाठी मोठ्या संस्थेकडे गेल्या पाहिजेत आणि जाईपर्यंत खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर फॉर्मॅलिन ओतलं पाहिजे. खरं तर ते आधीच ओतायला हवं होतं, असंही त्यांनी बाईंना सुनावलं. तंत्रज्ञाने तत्परतेने बाटली आणली आणि बूच काढलं.

चार वाजले. बाईंचा फोन वाजला. पडद्यावर एका बाजूला ताडमाड नाइटगाउनमध्ये जांभया देत होती, दुसऱ्या बाजूला चिमणी होती. पहाटेच उठून तिने केस नीट बांधले होते, ठेवणीतले कानातले घातले होते, आणि हात कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. शाळेच्या तोंडी परीक्षेला ती अशीच उभी राहत असणार.

"अगं, उघडलंस का?" चिमणीने विचारलं.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. त्यांच्या डोक्यात सणक गेली. चुलीत गेलं ते प्रमाणपत्र, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आयुष्यभर आपण लोकांच्या गाठींबद्दल खरं सांगत आलो आणि आज आपल्याच मैत्रिणीच्या बाबतीत तोंडाला कुलूप घालायचं? त्यांनी फोन सूक्ष्मदर्शकाला टेकवून उभा केला, बरणी तंत्रज्ञाच्या हातातून ओढून घेतली, झाकण काढलं, एक गाठ उचलली आणि तोंडात टाकली.

सर्जन जवळच्या स्टुलावर बसला. हजारो पोटं फाडलेला तो माणूस पांढराफटक पडला होता. तंत्रज्ञाच्या हातातली बाटली आपोआप टेबलावर टेकली. परीक्षकांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला.

"चॉकलेट आहे," बाई चघळत म्हणाल्या. "माझं आहे. फ्रीजवरची पाटी मी लावली आणि मीच मोडली. काय लिहायचं ते लिहा. पण चार वाजता हे खायचं मी कबूल केलं होतं."

परीक्षकांना ते पटेना. आपलं पुस्तकातलं निदान असं एका घासात गिळलं जाताना बघून कोणाला पटेल? बाईंनी बरणी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक चॉकलेट दोन बोटांत घेतलं, वास घेतला, कडेने कुरतडलं, आणि मग निमूटपणे उरलेलं तोंडात टाकलं. पडद्यावरून चिमणी हे सगळं बघत होती. हे कोण, एवढंही न विचारता तिने त्यांनाच कसं लागलं म्हणून विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. अशा बाईला माणूस काय सांगणार?

"अप्रतिम," परीक्षक म्हणाले.

"फारच छान," सर्जन स्टुलावरून म्हणाला. त्याने चाखलंही नव्हतं.

चिमणीने मान हलवली आणि बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मिटले. जिभेवर उरलेलं सगळं विरघळेपर्यंत त्या थांबल्या. खोटं बोलावं असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, अगदी दाटून वाटलं. साठीला आलेली बाई, पहाटे उठून कानातले घालून बसलेली.

"चिमणे, मीठ फार झालंय," त्या म्हणाल्या. "कोको सुरेख भाजलायस, कडवटपणा हवा तेवढाच आहे. पण मीठ फार. हे विकू नकोस."

खोलीतल्या तिघांनी बाईंकडे असं बघितलं की जणू त्यांनी कोणाला जिन्यावरून ढकललं. पडद्यावर ताडमाडने घसा खाकरला. बाईंबरोबरच तिनेही एक तोंडात टाकलं होतं आणि तिलाही मीठच लागत होतं, पण आपलीच जीभ गेली असं ती समजत होती.

चिमणी हसायला लागली. हसता हसता रडली, नाक पुसलं, पुन्हा हसली.

"मुद्दाम घातलंय," ती म्हणाली. "वर्षभर घरचे सगळे हसत हसत छान म्हणतायत. जळलेलं दिलं तरी छान, कच्चं दिलं तरी छान. दुकान टाकल्यावर मला खरं कोण सांगणार, ते बघायचं होतं. तुम्ही दोघी छान म्हणाला असतात ना, तर मी आज सही केली नसती. आता कचेरी उघडली की जाते आणि करते. बिनमिठाची पाठवलीत दुसरी, येतीलच."

बाईंनी नुसता हात हलवला.

"आणि मागे ते अप्रतिम म्हणाले, ते कोण?" चिमणीने विचारलं.

"ते परीक्षक आहेत," बाई म्हणाल्या.

फोन बंद झाला. तंत्रज्ञाने बाटलीला बूच लावलं. परीक्षक खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले, मग परत आले आणि खुर्चीत बसले.

"मीठ जरा आहे खरं," ते म्हणाले.

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

"आणि फ्रीजचा दोष मला लिहावा लागणार."

"लिहाच," बाई म्हणाल्या आणि बरणी त्यांच्याकडे सरकवली.