नीनाबरांची हजेरी

दर रविवारी दुपारी चार वाजता आमच्या कुंपणापलीकडे हजेरी घेतली जायची. "नीनाबर, ॲना." मग दहा-बारा सेकंद शांतता. "नीनाबर, ऑगस्ट." पुन्हा शांतता. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, पण खणखणीत, आणि प्रत्येक नावानंतर तो खरोखर उत्तराची वाट बघायचा. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या या घरात येऊन आम्हाला पाचच दिवस झाले होते. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की शेजारी मोठं एकत्र कुटुंब आहे आणि एकेकाला चहाला बोलावताहेत. मी कुंपणाच्या फटीतून डोकावलो. अंगणात एक खुर्ची, खुर्चीत एक उंच म्हातारा, त्याच्या मांडीवर हिरव्या पुठ्ठ्याची वही. समोर नुसतं गवत होतं. मी परत आलो आणि मेधाला म्हणालो की खिडकी लावून घे.

दुसऱ्या दिवशी तोच म्हातारा दारात उभा. हात पुढे करून म्हणाला, "नेबर. नीनाबर." मला वाटलं याला ऐकू कमी येत असावं, म्हणून एकच शब्द दोनदा सांगतोय. मीही मोठ्यानं दोनदा "नेबर, नेबर" म्हणालो. त्यावर तो खूश झाला आणि त्यानं स्पेलिंग सांगितलं. एन, आय, ई. "आय आधी," असं बोट वर करून बजावलं. पुढे हे "आय आधी" मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतसुद्धा मी हे नाव चुकवणार नाही.

हार्लन नीनाबर. वय त्र्याऐंशी. चाळीस वर्षं हायस्कूलच्या मुलांना भूमिती शिकवलेली. बायको डोलोरेस जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसतं हार्लन म्हणणं मेधाच्या जिभेवर येईना, तेव्हा तिनं त्यांना नीनाबरकाका करून टाकलं. त्यानंतर ते मला थेट देवगडचे वाटायला लागले.

काकांनी माझं आडनाव विचारलं. नेर्लेकर म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, म्हणजे काय? वीस वर्षांत अमेरिकेत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे दोन माणसं भेटली की "मूळचे कुठले?" झाल्याशिवाय चहा येत नाही, आणि हा प्रश्न मला विचारला तो एका जर्मन आडनावाच्या माणसानं. मी सांगितलं की नेर्ले हे गाव, मी ते एसटीच्या खिडकीतून एकदा पाहिलंय. काकांनी ते वहीत टिपून घेतलं. मग त्यांचं आडनाव उलगडलं. उत्तर जर्मनीतल्या खेड्यांच्या बोलीत नी म्हणजे नवा, नाबर म्हणजे शेजारी. कुणी एक माणूस कुठून तरी येऊन गावाच्या कडेला राहिला. गावानं त्याचं नाव विचारलंच नाही, नवा शेजारी म्हणून मोकळं झालं. त्याची नातवंडं-पतवंडं तिथेच जन्मली, तिथेच मेली, तरी गावाच्या लेखी नवे शेजारीच.

"तुला गावानं नाव दिलं, मला शेजाऱ्यांनी," काका म्हणाले.

हे आडनाव दुर्मीळ, आणि ते गोळा करणं हाच काकांचा उद्योग. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, चर्चची दप्तरं, दफनभूमी, कुठे कुठे म्हणून शोधायचे. सापडलेला प्रत्येक नीनाबर त्या हिरव्या वहीत जायचा. ती शाळेची हजेरीची वहीच होती. जिवंत नीनाबरांना शनिवारी फोन व्हायचा आणि त्यांच्यापुढे पी पडायचा, पी म्हणजे हजर. मेलेल्यांची नावं रविवारी पुकारली जायची आणि त्यांच्यापुढे ए. महायुद्धाच्या काळात जर्मन नाव अंगाशी येईल म्हणून काहींनी साधं "नेबर" करून घेतलं होतं. त्यांच्यावर काकांचा विशेष राग. त्यांच्यापुढे लाल शाईत लिहिलेलं असायचं, शाळा सोडली.

मेलेली माणसं उत्तर देत नाहीत, मग मध्ये थांबता कशाला, असं मी एकदा धीर करून विचारलं. काकांनी चष्मा पुसला.

"जस्ट इन केस," ते म्हणाले.



एका ऑक्टोबरात ते आम्हाला दोन तास लांब एका दफनभूमीत घेऊन गेले. चारी बाजूंना कापणीला आलेला वाळका मका, मध्ये लहानसं चर्च, वाऱ्यानं पानं सळसळताहेत आणि माणूस म्हणाल तर एक नाही. काका बादली आणि मऊ ब्रश घेऊन दगड धुवायला लागले. मी मागून वाचत चाललो होतो. नीनाबर, नीनाबर, एका जागी चुकून निनेबर, तिथे काकांचं चुकचुकणं. पुढचा दगड डोलोरेसचा. आणि त्याच दगडावर शेजारी, हार्लन नीनाबर, जन्मसाल, एक रेघ, पुढे कोरी जागा. मेधानं माझा दंड धरला. ज्याचं नाव दगडावर होतं, तो माणूस गुडघ्यावर बसून तेच नाव ब्रशनं घासत होता.

"आधीच कोरून घेतलं," काका म्हणाले. "नंतर स्पेलिंग तपासायला मी नसणार."

येताना गाडीत काका तेवढे समाधानात होते.

पुढच्या वसंतात नेब्रास्कातला एल्मर गेला. काकांचा चुलतभाऊ, वहीतला शेवटचा जिवंत नीनाबर. त्या रविवारी हजेरी नेहमीपेक्षा सावकाश चालली. मी परसात गवत कापायच्या यंत्राशी झटत होतो. "नीनाबर, एल्मर." शांतता. आणि मग, आजवर कधी न ऐकलेलं, "नीनाबर, हार्लन."

स्वतःची हजेरी शिक्षकानं लावायची नसते, म्हणून ती चौकट काका कायम कोरी ठेवायचे, हे मला माहीत होतं. आज त्यांनी स्वतःलाच पुकारलं आणि ते थांबले. ती शांतता मला सोसवेना. सगळा वर्ग गेला होता आणि मास्तर एकटे बसले होते. सांगलीला इंजिनिअरिंगला असताना मी अर्ध्या होस्टेलची प्रॉक्सी दिली आहे, आवाज बदलून, एकदाही न पकडला जाता. सवय कुठे जाते? मी ओरडलो, "प्रेझेंट, सर."

मग कुंपणावर काकांचं डोकं आलं. प्रॉक्सी त्यांना अजिबात चालायची नाही, हे ते चाळीस वर्षांच्या जरबेनं म्हणाले. मी म्हणालो, प्रॉक्सी कसली, तुम्ही नव्या शेजाऱ्याला हाक मारलीत, तो मीच ना? काकांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलंही नाही. त्यांनी वही कुंपणावर टेकवली आणि त्या कोऱ्या चौकटीत पी लिहिला.

तेव्हापासून दर रविवारी शेवटचं उत्तर माझं. बर्फ पडत असलं तरी मी कोट चढवून बाहेर जायचो.

जानेवारीत त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यायला गाडी आली तेव्हा त्यांनी वही माझ्या हातात दिली. आठवड्यात परत येतो म्हणाले. डोलोरेस गेल्यावर घरात आपलं नाव उच्चारणारं कुणी राहिलं नाही, तेव्हा ही हजेरी सुरू केली, हेही त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. गाडीचं दार लागता लागता म्हणाले, "थांबायचं विसरू नकोस."

ते परतले नाहीत. मक्याच्या रानातल्या दगडावरची कोरी जागा भरली. मी जाऊन तपासून आलो.

काकांचं घर विकायला निघालं आणि ओस पडलं. हजेरी मी आमच्या परसात चालू ठेवली. खुर्ची, वही, चार वाजता. मेधा चहा आणून ठेवायची. जूनमधल्या एका रविवारी मी शेवटचं नाव घेतलं, "नीनाबर, हार्लन," आणि थांबलो. खरं सांगतो, मला त्यांची फार आठवण येत होती.

"येस?" कुंपणापलीकडून आवाज आला.

माझ्या हातून पेन गळालं. कुंपणावर एका तरुण बाईचं डोकं आलं, केसांना खोक्यांची धूळ लागलेली. सॉरी, तुम्ही आम्हाला हाक मारलीत का, तिनं विचारलं. आम्ही कालच राहायला आलो. "वी आर द न्यू नेबर्स."

मी गवतातून पेन शोधलं, काकांच्या नावापुढच्या चौकटीत पी लिहिला आणि कुंपणापाशी गेलो. हो म्हणालो, तुम्हालाच. आणि वही तिच्यासमोर धरून तिला स्पेलिंग सांगायला लागलो. आय आधी.