हेडमास्तरांच्या गाडीचं तेल कोण पितं?

माझे मामा श्री. जोजो आबाका हे आमच्या समुद्रकाठच्या सॉल्टपॉन्ड गावातले सर्वांत तल्लख गुप्तहेर आहेत. सॉल्टपॉन्डमध्ये दुसरा गुप्तहेर नाही, ही गोष्ट ते आपण होऊन सांगत नाहीत. "माणसाची चप्पल दाखव, मी त्याच्या सासूचं नाव सांगतो," असं ते म्हणतात. आजवर एकाही सासूचं नाव बरोबर आलेलं नाही, पण त्याचा दोष ते चपलेला देतात. त्यांची नजर गरुडाची आहे, स्मरणशक्ती अफाट आहे, आणि एवढा मोठा मेंदू तापायला वेळ लागतो म्हणून सकाळी नऊच्या आत ते अंथरूण सोडत नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मामांनी ते कधीच लक्षात घेतलं नाही.

तेहतीस वर्षं त्यांनी टपाल कचेरीत पार्सलांची वजनं केली. पार्सल हातात घेतलं की आत काय आहे ते आपल्याला कळायचं, असा त्यांचा दावा आहे. निवृत्तीनंतर हे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पाटी रंगवून घेतली: 'जोजो आबाका, खासगी तपास. हरवलेली माणसं, बिघडलेली लग्नं, संशयास्पद सह्या.' पाटीला जागा मिळाली ती माझ्या शिवणाच्या टपरीवर. तिच्याखाली माझी जुनी पाटी अजून आहे: 'उसवलेलं दुरुस्त करून मिळेल.' त्यामुळे लग्नाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांना बराच धीर येतो.

मी नाही म्हणू शकले असते का? आम्ही फान्टी माणसं. आमच्यात आईच्या भावाचा शब्द बापाच्या शब्दाच्याही वर. मामाने टपरी मागितली की टपरी द्यायची, आणि "आरबा, तू माझी सहायक" असं म्हटलं की कात्री खाली ठेवून सहायक व्हायचं.

तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हॅम्बुर्गहून एबोचा फोन आला. एबो म्हणजे आमच्या मोठ्या शाळेच्या दिवंगत हेडमास्तरांचा मुलगा. हेडमास्तर जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांची फिकट निळी जुनी गाडी घराच्या फाटकाशी, बदामाच्या झाडाखाली, वाळूवर उभी होती. अंत्ययात्रेच्या दिवसापासून ती कोणी बाहेर काढली नव्हती. हेडमास्तरांची पत्नी एकुवा आजी म्हणायची, "त्यांच्याशिवाय ती कुठे जाणार?" आणि मग कोणी तो विषय काढत नसे.

गाडीची काळजी क्वामेनाकाकांकडे होती. ते एकतीस वर्षं हेडमास्तरांचे ड्रायव्हर होते. फाटकाजवळच्या खोलीत राहायचे. दर रविवारी चर्चहून आले की ते दहा मिनिटं इंजिन चालू करायचे, मग एक डुलकी काढायचे, आणि इंजिन निवलं की तेल मोजायची पट्टी काढून फोनवर एबोला दाखवायचे.

"वर्षात तीन वेळा तेल भरलं आणि तीन वेळा उतरलं," एबो मामांना म्हणाला. "मीटरवर एक मैल वाढलेला नाही. उभी गाडी तेल पिते का, आबाकामामा? मी इंजिनाच्या कारखान्यात काम करतो, मला नका शिकवू. वर्षश्राद्धाला येतोय मी. पुढच्या आठवड्यात शनिवारी सगळं घराणं बसेल. चोर सापडला तर त्याच दिवशी त्याने खोली सोडायची."

चोर म्हटल्यावर 'खोली' हा शब्द कुठून आला, हे मला लगेच कळलं. मामांनाही कळलं. ते म्हणाले, "मी मोकळ्या मनाने तपास करीन," आणि वहीत पहिल्या ओळीवर लिहिलं: क्वामेना.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आम्ही घटनास्थळी दाखल झालो. मामा पांढऱ्या पँटमध्ये, हातात टपालाची तिकिटं तपासायचं भिंग. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, मग वाकले, आणि वाकलेल्या अवस्थेत इतका वेळ राहिले की मला वाटलं पाठ धरली.

"आरबा, गाडीखाली काय दिसतं?"

"वाळू."

"कशी?"

"स्वच्छ. खराट्याच्या रेघांची."

"डाग?"

"एकही नाही."

मामा माझा हात धरून सरळ झाले. "तेल गळत असतं तर डाग पडला असता. डाग नाही, म्हणजे गळती नाही. शिवाय त्या रेघा बघ, किती सरळ आहेत. इथे कोणाचं पाऊलसुद्धा पडलेलं नाही. म्हणजे तेल वरून गेलं. बॉनेट उघडून. माणसाच्या हाताने."

खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं. खराट्याच्या रेघांवरून कोणी आलं नाही हे मामांना कळलं, पण कोणीतरी झाडून गेलं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. आमच्याकडे ऊन अंगणात यायच्या आत झाडलोट झालेली असते. उजाडल्यावर झाडलेलं अंगण असायचंच, जसं आभाळ असायचं. ते कोण करतं असं कोण विचारतो?

पुढचे नऊ दिवस तपास चालला. एकुवा आजी रोज मामांपुढे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे म्हणजे केंके, तळलेला मासा आणि मिरचीची चटणी ठेवायची, त्यामुळे तपास घाईने उरकावा असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मोकळं मन दाखवायला त्यांनी इतर शक्यताही तपासल्या. पहिला संशय शेजारच्या बकरीवर. मामांनी भिंगातून तिची जीभ पाहिली, बकरीने भिंग चाटलं. मग उन्हाने तेल उडून जातं का, हे पाहायला त्यांनी बशीत तेल घालून पत्र्यावर ठेवलं. तीन दिवसांनी बशीतलं तेल वाढलेलं निघालं, कारण त्यात पाल होती. मग समोरच्या स्टँडवरचे प्रवासी गाड्यांचे ड्रायव्हर. त्यांची उलटतपासणी घ्यायला मामा एका गाडीत चढले. ड्रायव्हरने प्रश्न शांतपणे ऐकून घेतले, गाडी सुरू केली आणि मामांना चार मैलांवर उतरवलं.

चालत परत आल्यावर ते कुंपणाला टेकून उभे राहिले. हटले तेव्हा पांढऱ्या पँटच्या बुडाशी हे एवढे काळे डाग होते.

"खांबांच्या बुंध्याशी काहीतरी काळं आहे, मामा," मी म्हणाले. "आणि गेल्या वर्षी या खांबांना वाळवी होती ना? आता नाही दिसत."

"आरबा, आपण तेलाचा तपास करतोय, वाळवीचा नाही. शाळेच्या पोरांनी रंग फासला असेल. घरी जाऊन पँट धू."

शेवटी क्वामेनाकाकांची पाळी आली. ते टायरशी उकिडवे बसले होते.

"गाडीला किल्ल्या किती?" मामांनी विचारलं.

"एक."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"बॉनेट कोण उघडतं?"

"मीच."

"मग तेल कोण काढतं?"

"ते तुम्ही सांगायचं, आबाकासाहेब. केंके तुम्ही खाताय," काका म्हणाले आणि टायरमध्ये हवा भरायला लागले.

मामा निघून गेल्यावर मी मागे रेंगाळले. काकांच्या खोलीचं दार उघडं होतं. आत खाटेवर पत्र्याची पेटी भरून, दोरीने बांधून ठेवलेली.

"काका, हे काय?"

"माझं गाव आता गाव राहिलं नाही, पोरी. भाऊ गेला, घर पडलं. कुठे जायचं ते ठरलेलं नाही, पण पेटी तयार असलेली बरी." ते हात पुसत राहिले. "हेडमास्तरांनी मला कधी पेट्रोलचा हिशेब विचारला नाही. आता त्यांचा पोरगा फोनवर पट्टी बघतो. शनिवारी चोर म्हणून निघायचं की शुक्रवारी नुसतंच निघायचं, एवढंच ठरवतोय."

मला रडू आलं. मी म्हटलं, "शुक्रवारी जाऊ नका. निदान माझ्यासाठी थांबा." ते थांबले, पण पेटीची दोरी सोडली नाही.

शनिवार उजाडला. आजीचा वर्षश्राद्धाचा काळा-पांढरा पोशाख माझ्याकडे शिवायला होता. मामांच्या तपासापायी तो इतका रखडला की शेवटची बटणं मी पहाटे लावली आणि फटफटायच्या सुमाराला पोशाख घेऊन धावले. फाटकातून आत शिरले तर गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. म्हाताऱ्या माणसाचे, बारीक.

"आजी?"

"हळू बोल. माणसं उठतील."

एकुवा आजी सरपटत बाहेर आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात नारळाची करवंटी. करवंटीत काळीकुट्ट, चिकट वाळू. ती उठली, करवंटी कुंपणाच्या खांबाशी रिकामी केली, ओंजळभर कोरडी वाळू आणून गाडीखाली टाकली आणि वरून खराटा फिरवला. सरळ, सुरेख रेघा उमटल्या.

"आजी, हे रोज करता?"

"रोज. म्हातारा गळतो गं रात्रीचा." तिने गाडीच्या दारावर हात ठेवला. "शेवटची दोन वर्षं हेडमास्तरांचंही असंच होतं. चारला उठायचं, चादर बदलायची, कोणी उठायच्या आत धुऊन वाळत टाकायची. सहाशे पोरांना नुसत्या नजरेने गप्प करणारा माणूस. त्याचं हे जगाला कशाला दाखवायचं? क्वामेनाला पण कळू दिलं नाही. आता ही गाडी. त्यांचीच ना? खाली डाग घेऊन उभी राहिली तर येणारे-जाणारे काय म्हणतील?"

"आजी, हे इंजिनचं तेल आहे."

"वेडी की काय. तेल सोनेरी असतं. क्वामेना डब्यातून ओततो, मी पाहते ना. हे काळं, घाण आहे त्याची."

"आत फिरून फिरून काळं होतं ते. आजी, हेच तेल कमी होतंय. याच तेलासाठी आज क्वामेनाकाकांना घराबाहेर काढणार आहेत."

आजी पायरीवर बसली.

"मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

"मामा नऊ दिवस इथे येत होते."

"त्यांनी विचारलं, केंके अजून आहे का."

सकाळी दहाला घराण्याचे लोक बदामाच्या झाडाखाली जमले. मध्ये घराण्याचे प्रमुख, शेजारी कालच पोचलेला एबो, एका बाजूला क्वामेनाकाका उभे. मी आजीकडे पाहिलं, तिने मान हलवून मला गप्प बसवलं. मामा उठले. त्यांनी पार्सलांपासून सुरुवात केली, पाल आणि बकरी यांना निर्दोष सोडलं, स्टँडवरच्या ड्रायव्हरांवर थोडा राग काढला, आणि अखेर गाडीखालच्या वाळूकडे बोट केलं.

"डाग नाही. म्हणजे गळती नाही. किल्ली एक, हात एक. निष्कर्ष तुम्हीच काढा."

कोणी काही काढलं नाही. काका पुढे आले, खिशातून किल्ली काढली आणि एबोच्या पुढ्यात स्टुलावर ठेवली.

"गाडी गळते," आजी म्हणाली. "मी पुसते."

सगळ्या माना वळल्या. आजीने करवंटी पुढे केली. सकाळची थोडी काळी वाळू तिने राखून ठेवली होती.

"वर्षभर?" एबो उभा राहिला. "आई, पुसायचं कशाला? मला सांगायचं ना."

आजीने मुलाकडे पाहिलं. "तुझे वडीलही गळायचे, एबो. दोन वर्षं. ते तरी कुठे सांगितलं तुला?"

क्वामेनाकाकांनी चेहरा झाकून घेतला. एबोने स्टुलावरची किल्ली उचलली, उजव्या हाताने, थोडं वाकून, काकांपुढे धरली. "काका, माझं चुकलं," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी शेवटी याच मुद्द्यावर येणार होतो," मामा म्हणाले आणि खाली बसले.

श्राद्धाच्या जेवणाला फिटर ओटू आला होता. त्याने ताट बाजूला ठेवलं, गाडीखाली डोकं घातलं आणि तिथूनच बोलला, "रबरी सील वाळून कडक झालंय, दुसरं काही नाही. गाडी नुसती उभी ठेवली की रबर वाळतं आणि गळतं. रविवारी दहा मिनिटं जागेवर घरघर करून काय उपयोग? हिला फिरवा की जरा. आणि एबोभाऊ, तुम्ही इंजिनाच्या कारखान्यात काय करता?"

"हिशेब बघतो," एबो म्हणाला.

सोमवारी ओटूने नवं सील बसवलं. मामांनी प्रकरणाच्या वहीत 'केवळ तर्काने उलगडले' असं लिहिलं आणि पाटीवर एक ओळ वाढवून घेतली: 'गळती ओळखून मिळेल.' आता लोक नळांच्या तक्रारी घेऊन येतात आणि मला कात्री आणखी वेळा खाली ठेवावी लागते. नऊच्या आत उठायचं मात्र मामांनी अजून मनावर घेतलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी टपरीच्या दारात उभी होते. फाटक उघडलं आणि निळी गाडी बाहेर आली. आजी काळ्या-पांढऱ्या पोशाखात मागच्या सीटवर, आपल्या नेहमीच्या बाजूला बसलेली. दुसरी बाजू तिने मोकळी ठेवली होती. गाडी माझ्यापाशी येऊन थांबली, कारण काकांना अजून कुठे जायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

"कुठे घेऊ, बाई?" काकांनी आरशात पाहत विचारलं.

"चर्चला."

चर्च समोर दिसत होतं. चालत शंभर पावलं.

काकांनी गिअर टाकला, तेवढ्यात आजी पुढे वाकली. "लांबून, अनोमाबू गावावरून घे, क्वामेना. ते नेहमी तिकडूनच न्यायला सांगायचे."