त्रिकोण-सानची खुशाली

माणूस दोन रीतींनी अडकतो: सही करून आणि सही टाळून. पहिल्या रीतीत निदान कशात अडकलो ते छापून हातात मिळतं. ताकासाकी नगरपालिकेच्या पाणी खात्यात अडतीस वर्षं मीटर तपासून निवृत्त झालेल्या शिगेहारू कुरामोचींनी दुसरी रीत पत्करली. त्यांच्या सावधपणाचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे, आणि ते त्यांच्या बायकोने अजून केलेलं नसल्यामुळे इथे करत आहोत.

गरज खरी होती. त्यांच्या घडीच्या फोनचं जाळं कंपनी मार्चअखेर कायमचं बंद करणार होती. (याबद्दल कंपनीने सात पत्रं पाठवून सातही वेळा मनापासून दिलगिरी व्यक्त केली होती. जाळं मात्र बंद होणारच होतं.) आणि तिकडे साप्पोरोला त्यांची मुलगी नागिसा हिला एप्रिलमध्ये बाळ होणार होतं. पहिलं नातवंड. नागिसाने स्वच्छ सांगितलं, "बाबा, तुमच्या त्या डबीवर चेहरा दिसत नाही. स्मार्टफोन घ्या. बाळ झालं की पहिला फोन तुम्हाला, समोरासमोर. सासूबाईंना नंतर." या 'सासूबाईंना नंतर'वर कुरामोची दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होते.

पहिला मार्ग कराराचा. कंपनीच्या दुकानात जायला आधी वेळ घ्यावी लागते आणि ती अकरा दिवसांनंतरची मिळते. ठरल्या वेळी ओदागिरी नावाच्या अत्यंत नम्र मुलीने 'महत्त्वाच्या बाबींचं स्पष्टीकरण' एक तास चाळीस मिनिटं वाचून दाखवलं. नियमाप्रमाणे ते ग्राहकाला समजलं पाहिजे. म्हणून चौतीस ठिकाणी 'समजले' या चौकोनात खूण करायची असते. ('नाही समजले' असा चौकोन नसतो. त्यामुळे शंभर टक्के निकाल लावणारी ही देशातली एकमेव शाळा आहे.)

कुरामोचींना समजलं ते असं. फोन महिना एक येन. चोवीस महिन्यांनी तो परत करायचा. म्हणजे फोन ग्राहकाचा नाही. फरशीवर पडला तर मात्र ग्राहकाचा. परत नाही केला तर पुढचे चोवीस हप्ते भरायचे, आणि ते एक येनचे नाहीत. शिवाय पाच सेवा पहिला महिना फुकट: गाणी, हवामान, पाककृती, भूकंपानंतरचं मनःस्वास्थ्य, आणि पाचवी म्हणजे आधीच्या चार वेळेवर बंद करायची आठवण करून देणारी सेवा. (हिला दुसऱ्या महिन्यापासून पैसे पडतात.)

तेहेतीस खुणा झाल्या आणि चौतिसाव्या चौकोनाशी कुरामोचींचा हात थबकला. "मी जरा विचार करून सांगतो," ते म्हणाले. असं म्हणणारा माणूस परत येत नसतो, हे ओदागिरीला ठाऊक होतं. तरी ती दारापर्यंत आली आणि ते रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत कमरेत वाकून उभी राहिली. रस्ता बराच सरळ होता.

दुसरा मार्ग जुन्या फोनचा. स्टेशनमागच्या 'दुसरा वसंत' या दुकानात निशिवाकी नावाचे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून फोन तपासतात आणि प्रत्येकाची पत्रिका लिहितात. कुरामोचींना आवडलेल्या फोनची अशी होती: "श्रेणी ब. डाव्या कडेला, उन्हात तिरका धरल्यास, केसाएवढा ओरखडा. आम्ही मनापासून दिलगीर आहोत." लग्न ठरवताना इतका प्रामाणिकपणा असता, तर लोकसंख्या आणखीच घटली असती. पत्रिकेच्या तळाशी एक छोटा त्रिकोण होता.

"हा काय?" कुरामोचींनी विचारलं.

"साहेब, गोल असेल तर आधीच्या मालकाचे सगळे हप्ते फिटलेत. फुली असेल तर त्याने हप्ते बुडवलेत, कंपनीने फोन बंद केलाय. त्रिकोण म्हणजे तो अजून भरतोय."

"आणि नाही भरले तर?"

"त्रिकोणाची फुली होते. मग फोन घड्याळ म्हणून चालतो, बॅटरी म्हणून तर उत्तम चालतो. फक्त फोन म्हणून चालत नाही. तसं झालं तर आम्ही गोलाचा फोन बदलून देतो, आठ दिवसांत. पण आजवर फारसं कोणी आलेलं नाही."

त्रिकोण गोलापेक्षा सात हजार येनने स्वस्त होता. "हप्ता बुडवायला तो काय वेडा आहे?" कुरामोची म्हणाले आणि सही न करता, फोनचे आणि बिनकराराच्या सिमकार्डाचे पैसे रोख मोजून, मोकळे झाले. घरी येऊन त्यांनी बायकोला, फुमिएला, सांगितलं, "करार नाही, हप्ता नाही, कोणाशी काही संबंध नाही!"

फुमिए मुळा किसत होती. "त्या माणसाशी आहे ना," ती म्हणाली.

बायकोच्या बोलण्याकडे पुरुष दुर्लक्ष करतो ते दिवसा. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवरची कवायत झाल्यावर कुरामोचींनी कंपनीच्या संकेतस्थळावर फोनचा पंधरा आकडी क्रमांक टाकला. त्रिकोण. हायसं वाटलं. हायसं वाटण्याची एक अडचण अशी की ते टिकत नाही. आठवडाभरात ते दिवसातून तीनदा तपासू लागले, जेवणाआधी. अडतीस वर्षांत लोकांच्या मीटरवर त्यांनी इतकं लक्ष ठेवलं नव्हतं.

त्या अनोळखी माणसाचं नाव त्यांनी त्रिकोण-सान, म्हणजे त्रिकोणराव, ठेवलं. ओरखडा डावीकडे, म्हणजे माणूस डावखुरा. किल्ल्या आणि फोन एकाच खिशात ठेवतो, म्हणजे बेफिकीर. बहुधा अविवाहित, कारण बायको असती तर खिसा वेगळा झाला असता. टीव्हीवर मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना बंद पडल्याची बातमी लागली की कुरामोचींच्या घशाखाली घास उतरेना.

"कशाला जीव जाळताय?" फुमिए म्हणाली. "तो तिकडे मजेत नूडल्स ओरपत असेल."

"बाहेर खात असेल तर वाईटच. पैसे कसे उरणार त्याच्याकडे?"

मग ते देवळात जाऊ लागले. घंटा, दोनदा वाकणं, दोन टाळ्या: त्रिकोण-सानची नोकरी टिको. शेवटी त्यांनी एक दारुमा आणला. ताकासाकीत प्रत्येक इच्छेला एक दारुमा लागतो. इच्छा धरताना त्या लाल, गोलमटोल बाहुल्याचा एक डोळा रंगवायचा आणि फळली की दुसरा. कुरामोचींनी एक डोळा रंगवून त्याला कपाटावर बसवलं.

"माझ्या गुडघ्यासाठी कधी दारुमा आणला नाहीत," फुमिए म्हणाली. तिचं म्हणणं रास्त होतं. पण गुडघ्याला त्रिकोण नसतो.

एप्रिलच्या अकरा तारखेला सकाळी रेडिओवर हात वर, हात खाली चाललं होतं, तेव्हा फुमिएच्या घडीच्या फोनवर जावयाचा निरोप आलेला दिसला. जाळं बंद होण्याची तारीख उलटून गेली होती, पण तिच्या कंपनीची तारीख वेगळी होती आणि तिची दिलगिरीही अजून सुरू व्हायची होती. निरोप असा: मुलगा झाला, दोघं सुखरूप, नागिसा बाबांना कधीची लावतेय, लागत का नाही?

कुरामोचींनी फोन हातात घेतला. जाळ्याच्या खुणेच्या जागी काहीच नव्हतं. त्रिकोण-सानची फुली झाली होती.

ते खाली बसले. खरंच बसले, चटईवर. अठ्ठावन्न दिवस त्यांनी एका परक्या माणसाची काळजी वाहिली होती, आणि त्याने ऐन आजचा दिवस निवडला होता. त्यांना राग यायला हवा होता. पण पहिलं वाक्य तोंडून निघालं ते वेगळंच. "काय झालं असेल गं त्याला?"

"त्याचं नंतर बघू," फुमिए म्हणाली. "आधी नातू. फुकट वायफाय असेल तिथे तो फोन चालतो, नागिसाने सांगितलं होतं मला. तुम्ही ऐकत नव्हता." (घरी वायफाय नव्हतं, त्यासाठी करार करावा लागला असता. शेजारच्या इमाइ-सानांकडे मागता आलं असतं. पण मग त्यांना केक द्यावा लागला असता, त्यांनी परतीचा द्राक्षांचा खोका दिला असता, आणि हे प्रकरण नातवाच्या लग्नापर्यंत मिटलं नसतं.)

सगळ्यात जवळचं फुकट वायफाय होतं कंपनीच्या दुकानात.

ओदागिरीने त्यांना दारातच ओळखलं. "कुरामोची साहेब, विचार झाला वाटतं?" वेळ घेतलेली नसतानाही तिने त्यांना खुर्ची दिली, कारण त्यांचा अर्ज जपून ठेवलेला होता. कुरामोचींनी खुर्चीत बसताच फोन लावला आणि पडद्यावर नागिसा आली, दमलेली, केस कपाळाला चिकटलेले, हसणारी. "बाबा! होतात कुठे?" मग तिने फोन खाली वळवला.

मीटर तपासणाऱ्या माणसाला आकडा सोडून दुसरं काही बघायची सवय नसते. त्या लाल, मिटल्या डोळ्यांच्या, मूठभर चेहऱ्याकडे कुरामोची बघत राहिले आणि त्यांच्या नाकावरून पाणी ओघळून ओदागिरीच्या टेबलावर पडलं.

"फक्त चौतिसावा चौकोन राहिलाय, साहेब," ओदागिरी हळूच म्हणाली. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं. तिने पेन त्यांच्या बोटांत दिलं.

"बाबा, त्याला हात हलवा ना!"

कुरामोचींनी डावा हात हलवला. उजव्याने खूण झाली.

चार दिवसांनी 'दुसरा वसंत'ने शब्द पाळून गोलाचा फोन बदलून दिला. निशिवाकींनी हातमोजे काढून क्षमाही मागितली. आता एका माणसाकडे दोन फोन झाले, त्यातला एक कोरा करकरीत, एक येन महिन्याचा. काटकसरी माणूस अशा वेळी काय करतो ते सांगायला नको. निशिवाकींनी हातमोजे परत चढवले, एकसष्ट हजार मोजून दिले, पत्रिका लिहिली आणि तळाशी त्रिकोण काढला.

"अहो, पण तो फोन परत करायचाय ना?" फुमिएने विचारलं. "नाही केला तर पंचविसाव्या महिन्यापासून मोठे हप्ते!"

"तोवर बघू," कुरामोची म्हणाले. कपाटावरच्या दारुमाने एका डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं.

तो फोन सध्या कोणाकडे आहे, हे दुकान सांगत नाही. पण कोणीतरी रोज सकाळी पंधरा आकडे टाकून आपली खुशाली तपासतंय, या विचाराने कुरामोचींची भूक सुधारली आहे.

तेव्हा तुमचा फोन जुन्या बाजारातला असेल, तर सवडीने दोन टाळ्या वाजवा: शिगेहारू कुरामोची, वय सहासष्ट, रक्तदाब आहे, गोड सुटत नाही. आणि फोन नवा, हप्त्यावरचा असेल, तर टाळ्यांची गरज नाही. शेवटच्या चौकोनात खूण केलीत तेव्हा कोणाकडे बघत होता, तेवढं आठवून ठेवा. समजलं नसेल, तर तसा चौकोन नाही.